साडेतीन हातांवरची लाल पट्टी

चूक झाली तर माणसानं ती त्याच दिवशी कबूल करावी. दुसऱ्या दिवशी ती जड होते, आठवड्यानं तर उचलवतच नाही. हे कलाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती, उलट जन्मभर तीच दुसऱ्यांना शिकवत आली. गल्लीतल्या एखाद्या सुनेच्या गोधडीत वाकडा टाका दिसला की ही बाई दोरा ओढून मोकळी. "उसव. आत्ताच उसव. पुढं गेल्यावर रडशील." आणि स्वतःची वेळ आली तेव्हा काय केलं? बावीस दिवस मिठाची गुळणी धरून बसली.

कलाबाई अमळनेरकडची. सतराव्या वर्षी लग्न होऊन सुरतेला आली आणि लिंबायतच्या या गल्लीत जी रुतली ती रुतलीच. नवरा भाईदास कापडाच्या लूमवर कारागीर. बारा-बारा तासांची पाळी, दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. तिथं तोंडानं कुणी बोलत नाही, सगळं हातांनी. बोट वर म्हणजे चहा, मूठ म्हणजे शेठ आला, पाठीवर दोन थापा म्हणजे थांब, काहीतरी अडकलंय. पस्तीस वर्षांत भाईदासचे कान गेले आणि हात राहिले. त्यामुळे या नवरा-बायकोचं बोलणं हातांवरच चालायचं, भांडणसुद्धा. शेजाऱ्यांना भांडण लागल्याचं कळायचं ते फक्त ताटल्यांच्या आदळआपटीवरून.

कलाबाई घरी बसून साड्यांचे धागे कापायची. टेम्पोतून गठ्ठे यायचे, उलट्या बाजूचे लोंबते धागे कातरायचे, घडी घालून परत द्यायचे. गठ्ठ्यांबरोबर चिंधी यायची, काठाचे तुकडे, रंग चुकलेली साटीन, कुठं डाग पडलेलं जॉर्जेट. सुरतेत चिंधीला तोटा नाही. कुणी उचलली नाही की ती रस्त्याच्या कडेला जळते, नाहीतर गल्लीमागच्या खाडीत जाते आणि खाडीचा गळा आवळते. कलाबाईला चिंधी टाकवत नसे. तिच्या गोधड्या अख्ख्या लिंबायतमध्ये गेलेल्या. गल्लीत म्हणच पडली होती, कलाबाईचा टाका आणि कोर्टाचा शिक्का, दोन्ही निघत नाहीत. ही म्हण कुणी तिच्यासमोर म्हटली की ती ऐकू न आल्यासारखं करायची आणि मग दिवसभर खुशीत असायची.

खाडीचं पाणी गल्लीत शिरणं काही नवं नव्हतं. दोन हजार सहाचा पूर तर तापीचाच, त्यानं अख्खी सुरत बुडवली. पाणी उतरल्यावर कलाबाईनं घरातल्या भिंतीवर जिथवर गाळाची रेघ होती तिथं तांबड्या ऑइलपेंटनं खूण केली आणि बाजूला साल लिहिलं. मग सवयच लागली. पाणी येऊन गेलं की खूण. आधी दोन खुणांमध्ये चार-पाच वर्षं जायची, मग दोन, आता तर लागोपाठ. "आधी पाणी पाहुणं यायचं," ती म्हणायची, "आता भाडेकरू झालंय."

ही भिंत योगितानं पाहिली आणि तिथून सगळं सुरू झालं. योगिता गल्लीतलीच पोरगी, कॉलेजात कापडाचं डिझाइन शिकलेली, निम्मं गुजरातीत बोलणारी. शहरात बदलत्या हवामानावर एक प्रदर्शन भरायचं होतं आणि टाकाऊ कापडातून केलेली कामं त्यांना हवी होती. योगिता म्हणाली, "मावशी, या भिंतीचीच गोधडी करा ने."

"हवामान बदललं हे सांगायला प्रदर्शन कशाला?" कलाबाई म्हणाली. "माझ्या घरी या म्हणावं, चपला हातात धरून."

म्हणाली खरी, पण दुसऱ्याच दिवशी चिंध्यांचं गाठोडं सोडून बसली. चार महिने ती गोधडी चालली. आतले थर पुरात खराब झालेल्या साड्यांचे, वर चिंध्यांचे तुकडे, आणि प्रत्येक पुराची एक आडवी पट्टी, भिंतीवर जेवढ्या उंचीवर खूण तेवढ्याच उंचीवर. गोधडी उभी टांगायची, खालचा काठ जमिनीला टेकवायचा आणि बघणाऱ्यानं शेजारी उभं राहून आपण कुठवर बुडलो असतो ते बघायचं. माप कलाबाईच्या हाताचं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दोन हजार सहाच्या पट्टीला तिनं लालभडक साटीन घेतलं. ती पट्टी साडेतीन हातांवर आली. तिनं एकदा नाही, तीनदा मोजलं होतं.

प्रदर्शनात लोक गोधडीपुढं थबकायचे. खालच्या पट्ट्या अलीकडच्या वर्षांच्या, एकमेकींना चिकटलेल्या, जीन्समधल्या बाया वाकून त्या मोजायच्या. एक साहेब म्हणाले, ही नोंद आमच्या कुठल्याच कचेरीत नाही. पेपरात फोटो आला. कलाबाईनं तो फोटो देव्हाऱ्याच्या काचेत खोचला.

फक्त भाईदास काही बोलला नाही. म्हणजे हातांनी बोलला. लाल पट्टी त्याच्या कपाळाशी आली होती. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं, मान हलवली आणि हात डोक्याच्या खूप वर नेला. वर. अजून वर. कलाबाईनं त्याला डोळ्यांनी दटावलं. चारचौघांत हा कसला शहाणपणा.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना तिचा झाडू खिडकीच्या चौकटीला लागला आणि ती होती तिथंच थांबली. लग्न होऊन आली तेव्हा ही खिडकी तिच्या खांद्याशी होती. आता मांडीशी. खिडकी तर खाली सरकत नाही. जमीन वर आली होती. त्या मोठ्या पुरानंतर भाईदासनं घरात भराव टाकून फरशी एक हात उचलली, पुढं खाडीला कंटाळून आणखी अर्धा हात. गल्लीतल्या सगळ्यांनीच उचलली. भिंतीवरची खूण जिथल्या तिथं राहिली, आणि कलाबाईनं मोजलं ते नव्या फरशीवरून. दोन हजार सहाचं पाणी साडेतीन हात नव्हतं. पाच हात होतं. म्हणूनच भाईदासनं हात तेवढा वर नेला होता.

तिनं झाडू खाली ठेवला. आणि मग, माणूस जसं करतं तसंच तिनं केलं. मनाशी म्हणाली, दीड हाताचा तर फरक, कोण बघतंय. प्रदर्शन संपलं की गुपचूप उसवू. प्रदर्शन संपलं आणि योगितानं गोधडी आणून थेट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अंगणवाडीत टांगली, खालचा काठ फरशीला टेकवून. पोरं, बाया, रिक्षावाले, सगळे येऊन बघून गेले. आता उसवायची तर सगळ्या गल्लीदेखत. कलाबाईची आई म्हणायची, पुरी झालेली गोधडी उसवू नये, घरातलं कुणी उठून जातं. ही गोष्ट कलाबाईला इतक्या वर्षांत कधी आठवली नव्हती. नेमकी आता आठवली.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण चौथ्या दिवशी प्रभावती आली.

प्रभावती गल्लीच्या शेवटच्या घरात राहायची. मूळची भुसावळची, कलाबाईपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा भगवंत रेल्वेत गँगमन होता. दोन वर्षांपूर्वी पडला, मांडीत रॉड घातला, तेव्हापासून बाजेवर. सगळ्या गल्लीनं घरं उचलली तेव्हा भगवंत म्हणाला होता, जन्मभर रुळांखाली खडी भरली, आता घराखाली भरायची ताकद नाही. त्यामुळे त्यांची फरशी जुनीच राहिली. रस्ता मात्र दर डांबरीकरणाला वर चढत गेला, आणि आता त्या घरात जायला दोन पायऱ्या खाली उतरावं लागायचं.

प्रभावती गोधडीपुढं उभी राहिली. तिनं आपल्या हातानं मोजलं आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"कलाबाई, दोन हजार सहाला आम्ही गावी होतो, आम्हाला ठाऊकच नाही किती पाणी आलं ते. दरवर्षी पाण्याच्या इशाऱ्याचा भोंगा ओरडतो आणि मी यांना उचलून शाळेत नेते. मागच्या खेपेला तीन दिवस लादीवर ठेवलं, रॉड सरकला, परत ऑपरेशन करावं लागलं. माझा माळा चार हातांवर आहे. सगळ्यात मोठा पूर साडेतीन, तर माळ्यावर धोका नाही ना?"

हाच तो क्षण. कलाबाईनं तोंड उघडलंसुद्धा. पण मागं दोन सुना उभ्या होत्या, ज्यांचे टाके तिनं गेल्याच आठवड्यात ओढून काढले होते.

"बघू," ती म्हणाली.

प्रभावतीनं त्याचा अर्थ हो असा घेतला. कुणीही घेतला असता. त्या दिवसापासून कलाबाई अंगणवाडीसमोरून जाताना पलीकडच्या बाजूनं जायला लागली, आणि रोज ठरवायची, उद्या सांगू.

पाऊस राखीच्या आधीच्या आठवड्यात लागला. सुरतेत फार नव्हता, पण वर बारडोलीकडे दोन दिवस झड होती. ते सगळं पाणी खाडीत आलं. पुढं समुद्राला भरती, म्हणून पाणी पुढं सरकेना आणि उलटं फिरून गल्लीत शिरलं. सकाळी आठला घोट्याएवढं. नऊला भोंग्याची गाडी आली, आधी गुजरातीत, मग हिंदीत, सखल भागातल्या लोकांनी म्युनिसिपालिटीच्या शाळेत जावं. दहाला वीज तोडली. अकराला रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि त्यावर चिंध्या तरंगायला लागल्या, लाल, निळ्या, जरीच्या. कलाबाई, भाईदास आणि योगिता गल्लीबरोबर शाळेच्या वरच्या मजल्यावर गेले.

कलाबाई वर गेल्या गेल्या माणसं मोजायला लागली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. खालून अमोल रिक्षावाला ओलाचिंब वर आला.

"अमोल, प्रभाबाई कुठं आहेत?"

"माळ्यावर. सकाळीच चौघांनी मिळून भगवंतकाकांना वर चढवलं. मी म्हणालो शाळेत चला, तर काकी म्हणाल्या, कलाबाईच्या गोधडीत लिहिलंय, पाणी माळ्याला लागत नाही." अमोल हसला. "बरोबर आहे ना मावशी, तुमचं माप."

कलाबाई जिन्यातल्या खिडकीशी धावली. खिडकीतून गल्ली दिसत होती. रस्त्यावर मांडीभर पाणी, म्हणजे प्रभावतीच्या घरात त्याच्याहून दीड-दोन फूट जास्त. कमरेच्या वर गेलंच असेल. आणि पाणी चढतच होतं.

तिनं भाईदासकडे बघितलं आणि हातांनी सांगितलं: खालचं घर. दोन माणसं. मोजायला मी चुकले. तुझं खरं होतं. पस्तीस वर्षांत असं वाक्य त्या हातांवर पहिल्यांदाच आलं होतं. भाईदासनं धोतराचा काचा मारला आणि उठला.

"मावशी, फायरवाले बोट आणतील," योगिता म्हणाली.

"आणतील तेव्हा आणतील. भगवंतभाऊ चालू शकत नाहीत. त्यांना झोळीत आणावं लागेल." आणि मग, झोळीला कापड कुठलं, हा विचार तिच्या मनात येतो न येतो तोच तिला उत्तर दिसलं. एवढं लांब आणि एवढं मजबूत कापड या भागात एकच होतं.

अंगणवाडीचा ओटा उंच, पाणी नुकतंच दारात पोचलेलं. कलाबाईनं गोधडी खेचून खिळ्यांसकट उतरवली. आत साड्यांचे थर भिजलेले नव्हते अजून, पण ओझं होतंच. अमोलनं ती खांद्यावर घेतली. योगितासकट चौघं एकमेकांचे हात धरून गल्लीत उतरली. पाण्याला ओढ होती. पायाखाली चिंध्या, पिशव्या, कुठं उघडं गटार, काही कळत नव्हतं. भाईदास पुढं काठीनं चाचपत होता. कलाबाई त्याच्या पाठीकडे बघत चालली होती आणि मनात एकच चाललं होतं, माळा चार हातांवर, माळा चार हातांवर. ती देवाला काही म्हणाली नाही. देवाशी बोलायचं तोंड नव्हतं.

प्रभावतीच्या दारातल्या दोन पायऱ्या उतरल्यावर पाणी कलाबाईच्या छातीला लागलं. आत अंधार, हंडे तरंगत भिंतीला टकटक आपटत होते. वर माळ्याच्या कडेला प्रभावती पाय दुमडून बसली होती, मागं भगवंत आडवा. सुटकेस, तांदळाची कोठी, बाबासाहेबांची तसबीर, सगळं तिनं वर नेऊन नीट मांडलं होतं.

"कशाला आलात पाण्यातून?" प्रभावती म्हणाली. "आम्ही ठीक आहोत."

"खाली उतरा प्रभाबाई. भाऊंना झोळीत घेतो. शाळेत चला."

"नाही. परत लादीवर नाही ठेवायची मी यांना."

"औंदा पाणी जास्त येणारेय."

"भोंगा दरवर्षी हेच म्हणतो." प्रभावतीचा आवाज शांत होता, आणि तेच कलाबाईला सोसवेना. "भोंग्यावर माझा भरवसा नाही. तुझ्या टाक्यावर आहे. साडेतीनच्या वर जात नाही म्हणून तूच शिवलंयस."

अजूनही पळवाट होती. सरकारचा हुकूम आहे म्हणता आलं असतं, पोलीस आलेत म्हणता आलं असतं. कलाबाईनं वर बघितलं. पाणी आणि माळ्याची फळी यांच्यात हातभरच अंतर उरलं होतं. तिच्या तोंडून निघाली ती घरची अहिराणीच, दुसरी भाषा त्या घडीला सापडली नाही.

"मन्ही गोधडी खोटं बोलनी, प्रभाबाई." मग तिनं श्वास घेतला. "सहाचं पाणी पाच हात होतं. मी नव्या फरशीवरून मोजलं. तुमची फरशी जुनी आहे. माळा हातभर पाण्याखाली जाईल. आणि माले ठाव व्हतं. तुम्ही विचारायला आलात, तेव्हासुद्धा."

योगितानं तोंडावर हात ठेवला. प्रभावती वरून कलाबाईकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग येईपर्यंत जो वेळ गेला तो कलाबाईला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला.

"विचारायला आले तेव्हा," प्रभावती हळू म्हणाली. "यांना वर चढवताना हे किती ओरडले ठाऊक आहे तुला? मी म्हटलं, सोसा थोडं, एकदाच. आणि तू..." 

मागून भगवंतचा आवाज आला. रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाचा, न चढणारा आवाज.

"प्रभा, सिग्नल चुकला तर आधी गाडी थांबवायची. सिग्नलवाल्याशी नंतर भांडायचं. उतर."

प्रभावती उतरली. कलाबाईनं दिलेला हात तिनं धरला नाही, अमोलचा धरला. तसबीर तिनं पदरात बांधून डोक्यावर घेतली. भाईदास आणि अमोलनं गोधडी माळ्यावर सरकवली, भगवंतला तिच्यावर घेतलं, चारी टोकांना पीळ देऊन गाठी मारल्या आणि एकेक गाठ एकेकानं खांद्यावर घेतली. पुढं भाईदास आणि अमोल, मागं कलाबाई आणि योगिता. भगवंत पाण्याच्या जेमतेम वर. त्याचं डोकं भाईदासच्या बाजूला, नेमकं लाल पट्टीवर.

दारापर्यंत ठीक गेले. पहिली पायरी चढताना कलाबाईचा पाय पायरी आणि भिंतीच्या फटीत गेला आणि तिथं कशात तरी गुरफटला. लांबलचक चिंधी असावी, कुठल्यातरी साडीचा काठ. ती पाय ओढायला लागली तर काठ आणखी आवळला. पुढं भाईदास चढतच होता. झोळी ताणली गेली, गाठ तिच्या खांद्यावरून घसरायला लागली.

"थांबा," ती ओरडली. अमोल थांबला. पण भाईदासला कुठं ऐकू येणार. त्याची पाठ तिच्याकडे, आणि त्याला सांगायचं तर हात हवे, हात तर दोन्ही गाठीला. गाठ सोडली तर भगवंत पाण्यात. धरली तर भाईदास पुढच्या पावलाला तिला आडवी पाडणार, आणि मग सगळेच पाण्यात. योगिता ओरडत होती, अमोल ओरडत होता, आणि भाईदासनं दुसरी पायरी चढायला पाय उचललाच.

तेवढ्यात भगवंतनं झोळीतून हात बाहेर काढला आणि भाईदासच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

भाईदास जागच्या जागी थांबला. पस्तीस वर्षं लूमवर त्याच दोन थापांवर तो थांबत आला होता. रुळांवरच्या माणसाला हे कसं ठाऊक? एवढी वर्षं शेजारी राहून भाईदासशी गप्पा मारायच्या तर दुसरा रस्ता कुठं होता. कलाबाईनं दम घेतला, डाव्या पायानं चिंधी दाबून धरली आणि उजवा पाय सोलून बाहेर काढला. मग तिनं मान हलवली. अमोलनं खांद्यानं भाईदासला ढोसलं आणि झोळी पायऱ्या चढली.

शाळेत पोचायला पाऊण तास लागला. गोधडीचा एक टाका उसवला नाही. दुपारी तीनला खिडकीतून बघितलं तेव्हा प्रभावतीच्या दाराची वरची चौकट पाण्याच्या जरा वर दिसत होती. चारला ती पाण्यात गेली. त्या दिवशी शाळेत चहा वाटला तो कलाबाईनं सगळ्यांना नेऊन दिला. प्रभावतीनं तिच्या हातचा पेला घेतला नाही. कलाबाईनं तो शेजारी ठेवला आणि तो तिथंच थंड झाला.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. कलाबाई स्वतःच्या घरी न जाता आधी प्रभावतीच्या घरी गेली, खराटा आणि बादली घेऊन. प्रभावती माळ्याखाली उभी होती. भिंतीवर गाळाची ताजी रेघ होती, माळ्याच्या फळीच्या चार बोटं वर. फळीवर तांदूळ फुगून सांडले होते. जिथं भगवंतचं डोकं ठेवलं होतं तिथली उशी चिखलात भरलेली होती. सहाच्या पाच हातांच्या मानानं पाणी कमीच आलं होतं, आणि तेवढंसुद्धा पुरलं असतं.

कलाबाईनं बादली खाली ठेवली.

"किती दिवस ठाऊक होतं?" प्रभावतीनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. दिवस मोजणारं दुसरं कुणी नव्हतं.

"बावीस."

प्रभावतीनं उशी उचलून बाहेर टाकली. कलाबाईनं गाळ ओढायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत ओढला. मध्ये तिला रडू आलं, तेव्हा ती तोंड भिंतीकडे करून ओढत राहिली. निघताना प्रभावती म्हणाली, "उद्या गोधडी घेऊन ये. माझ्या फरशीवर उभी राहून शिव."

गोधडी धुतली, वाळवली. लाल पट्टी कलाबाईनं सगळ्या गल्लीदेखत उसवली, दारात बसून. त्या दोन सुना बघत होत्या. कलाबाईच्या टाक्याला उसवायला दोन दिवस लागले. पट्टी पाच हातांवर न्यायची तर गोधडी उंचीला पुरेना, म्हणून वर नवीन चिंध्यांचा जोड दिला. माप प्रभावतीच्या हातानं घेतलं, तिच्या जमिनीवरून. आणि या वर्षीची पट्टी तिच्या खाली, चार हात आणि चार बोटं.

साडेतीन हातांवर जिथं आधी लाल पट्टी होती तिथं पट्टीखालच्या साटीनच्या तुकड्यांत सुईची भोकं राहिली. साटीनला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. योगिता म्हणाली, अहमदाबादच्या प्रदर्शनात न्यायची आहे, मावशी, त्यावर एक छानसा तुकडा लावू.

"राहू दे," कलाबाई म्हणाली. "कुणी विचारलं तर मी सांगेन कशाची आहेत."

लोक विचारतात, आणि ती सांगते. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, आता अडखळत नाही. प्रभावती अजून तिच्या घरी चहाला येत नाही. येईल की नाही, कलाबाईनं विचारलेलं नाही. पण खाडी फुगली की गल्लीच्या शेवटच्या घरातून पहिली हाक तिलाच येते, "कलाबाई, किती हात?" मग कलाबाई गोधडीकडे बघत नाही. त्या दोन पायऱ्या उतरते, प्रभावतीच्या फरशीवर उभी राहते आणि मोजून सांगते.